घाटातल्या डाव्या वळणावर थांबता थांबता गाडी आडवी झाली. चूक नेमकी कुठे झाली?

उशिराचा स्वार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझे वय 47, उंची 5 फूट 5 इंच. महाविद्यालयात असताना मोठ्या भावाची स्प्लेंडर चालवत असे आणि परवान्याच्या परीक्षेत आरटीओच्या मैदानावर आठचा आकडाही तिच्यावरच काढला होता. गेली सतरा-अठरा वर्षे मात्र फक्त ॲक्टिव्हा चालवली. या वर्षी मार्चमध्ये, मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर, बऱ्याच दिवसांची इच्छा पूर्ण करून रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 मोटारसायकल घेतली. पुण्यात रोजच्या कामाला, एकदा भोरला आणि एकदा वाईपर्यंत अशी साधारण 1,800 किलोमीटर ती काहीही अडचण न येता चालवली आहे.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी पत्नीला मागे बसवून सिंहगडावर निघालो होतो. घाटरस्त्याच्या वरच्या टप्प्यात एक तीव्र डावे वळण चढत असताना पुढची मोटार अचानक थांबली आणि हातभर मागेही आली. मी पहिल्या गिअरमध्ये होतो, वेग माणसाच्या चालण्याएवढाच असेल आणि हँडल डावीकडे बरेच वळलेले होते. मी ब्रेक दाबला, डावा पाय खाली टाकला, तो अपेक्षेपेक्षा बराच खाली गेला, आणि मग जे झाले ते इतके सावकाश झाले की मला ते पूर्ण दिसत होते, पण थांबवता येत नव्हते. पत्नी वेळीच उतरली. मी गाडी पायाने पेलून धरायचा प्रयत्न केला आणि त्यात घोटा मुरगळला. चार तरुण धावत आले, त्यांनी गाडी उभी करून दिली आणि ‘काका, लागलं नाही ना?’ असे विचारले. (घोट्यापेक्षा ते ‘काका’ जास्त लागले, हे खरे.)

नुकसान असे: क्लचच्या लिव्हरचे टोक तुटले, गिअरचा दांडा आत वाकला, डावा आरसा गेला. गाडी उभी केल्यावर साइड स्टँडवर लावून बटण दाबले तरी चालू होईना, त्यामुळे आणखी पाच मिनिटे सगळ्यांच्या नजरा झेलल्या.

आता माझे प्रश्न. ही गाडी 195 किलोंची आहे आणि माझी ताकद व उंची तिला पुरत नाही, असा याचा अर्थ घ्यावा का? घरच्यांचे मत गाडी विकावी असे पडते आहे. एबीएस असूनही असे का झाले? आणि हे पुन्हा होऊ नये म्हणून सराव करायचा तर नेमका कशाचा? सरळ रस्त्यावर मला काहीच त्रास होत नाही.

घाटवाटेचा

आधी घोट्याची काळजी घ्या. सूज लवकर उतरली नाही तर एक्स-रे काढून घ्या, कारण मुरगळला म्हणून सोडून दिलेला घोटा पुढे गिअर बदलताना त्रास देतो.

तुमच्या लेखात एक वाक्य फार महत्त्वाचे आहे, पण तुम्ही ते सहज लिहून पुढे गेला आहात: ‘मी ब्रेक दाबला.’ कोणता ब्रेक? माझा अंदाज सांगतो. सतरा वर्षे स्कूटर चालवलेल्या माणसाला अचानक थांबायचे झाले की तो दोन्ही हातांच्या मुठी आवळतो. स्कूटरवर ते अगदी बरोबर आहे, कारण डाव्या मुठीत मागचा ब्रेक आणि उजव्या मुठीत पुढचा ब्रेक असतो. मोटारसायकलवर त्याच दोन मुठी आवळल्या की डाव्या हाताने क्लच दाबला जातो आणि उजव्याने फक्त पुढचा ब्रेक. म्हणजे एकाच क्षणी इंजिनाची ओढ तुटते, पुढचे चाक जागीच थांबते, आणि उजव्या पायाचा मागचा ब्रेक, ज्याची तिथे खरी गरज होती, तो कोणीच दाबत नाही. हँडल सरळ असते तर एवढ्यावरही निभावले असते. वळलेल्या हँडलवर मात्र गाडी आतल्या बाजूला बसते. तुमची गाडी डावीकडे पडली ती म्हणूनच. शांतपणे आठवून पाहा आणि माझे चुकत असेल तर तसे सांगा.

हे खरे असेल तर ताकदीचा आणि उंचीचा प्रश्न बराचसा बाजूला पडतो. तुमच्या हातांना जे पाठ आहे ते दुसऱ्या यंत्राचे आहे. सरळ रस्त्यावर ही सवय उघडी पडत नाही, कारण तिथे तुम्ही विचार करून थांबता. घाटात समोरची मोटार मागे आली तेव्हा विचाराला वेळ नव्हता, आणि हातांनी त्यांना जे येत होते ते केले.

दुसरी गोष्ट जागेची. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्यामुळे घाट चढताना डावे वळण आपल्याला नेहमी आतून घ्यावे लागते. बाहेरचा मार्ग तेवढीच उंची लांबून चढतो आणि आतला ती थोडक्यात चढतो, म्हणून वळणाच्या आतल्या कडेला चढ सर्वांत उभा असतो. त्यात वळणाचा रस्ता आतल्या बाजूला उतरता बांधलेला असतो, पावसाळ्यात त्याच कडेने पाणी वाहते, आणि त्या पाण्याने आणलेली बारीक खडी व शेवाळ तिथेच साचते. तुमचा डावा पाय ‘अपेक्षेपेक्षा खाली’ गेला तो या उतारामुळे. त्या वळणावर सहा फुटी माणसाचा पायही खालीच गेला असता, फक्त तुमच्याइतका नाही.

म्हणून चढावरच्या डाव्या वळणात शिरताना आपल्या अर्ध्या रस्त्याच्या मध्याच्या थोडे उजवीकडून, अर्थात मधली रेघ न ओलांडता, शिरावे आणि समोरचे वाहन वळण पूर्ण पार करीपर्यंत वळणाच्या अलीकडेच थांबावे. अलीकडे थांबणे म्हणजे हँडल सरळ, गाडी उभी, उजवा पाय मागच्या ब्रेकवर आणि डावा जमिनीवर. मागचे लोक हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी असा नियमच आहे, त्यामुळे समोरून येणाऱ्यांचे दडपण घेण्याचेही कारण नाही.

चढावर पुन्हा निघण्याची रीत तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहितो. मागचा ब्रेक धरून ठेवायचा, क्लच हळू सोडत जायचे, इंजिनाचा आवाज किंचित जड झाला आणि गाडी पुढे ओढू लागली असे जाणवले की थोडी रेस द्यायची आणि त्यानंतरच ब्रेक सोडायचा. या तीन गोष्टींत उजव्या हाताला पुढचा ब्रेक दाबण्याचे काम कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

तिरकस गणित

एबीएसचा प्रश्न राहून गेला आहे, तो मी घेतो. ब्रेक लावल्यावर चाक फिरायचे थांबून रस्त्यावर घसरू नये, यासाठी ती यंत्रणा असते. तुमचे चाक घसरलेच नाही. ते अगदी आज्ञाधारकपणे थांबले. शिवाय चालण्याच्या वेगाला ही यंत्रणा बहुधा कामच करत नाही. दुचाकी तोल कसा सांभाळते हे पाहिले तर पुढचे चित्र स्पष्ट होते. तळहातावर काठी उभी धरताना काठी ज्या बाजूला कलते त्या बाजूला आपण हात नेतो; तसेच हळू चालणाऱ्या गाडीवर आपण नकळत हँडल हलवून चाके सतत भाराच्या खाली आणत असतो. चाक फिरत असेल तरच हे शक्य होते. चाक थांबले की तळहात बांधून ठेवल्यासारखे होते, आणि तेव्हा काठी जिकडे कललेली असेल तिकडेच जाते.

आता ताकदीविषयी. गाडीचे वजन 195 किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 55 सेंटिमीटर आणि हँडलची मूठ सुमारे एक मीटर उंचीवर असे ढोबळ धरले, तर 10 अंश कललेली गाडी मुठीपाशी धरून ठेवायला 18-19 किलोंचा जोर लागतो. 20 अंशांवर तो 36-37 किलो होतो आणि 30 अंशांवर 53 किलोंच्या पुढे जातो. हा हिशेब रिकाम्या गाडीचा आहे. मागे माणूस बसलेला असेल तर भार वाढतो आणि तो वरच्या बाजूला वाढतो. पहिल्या काही अंशांत शाळकरी मुलगाही गाडी पेलू शकतो आणि ती मर्यादा ओलांडली की पैलवानालाही ती सोडून द्यावी लागते. तुमचा पाय उतारामुळे खाली गेला तेवढ्यात ते थोडे अंश संपून गेले होते. त्यानंतर गाडी धरायचा प्रयत्न करणे म्हणजे घोटा, गुडघा किंवा खांदा पणाला लावणे. ती पडणार हे कळले की मूठ सोडावी आणि पाय तिच्याखालून काढून बाजूला व्हावे. क्लचची लिव्हर कोणत्याही दुकानात मिळते.

सडाफटिंग

मोठा लेग गार्ड बसवा आणि सीट कापून खाली करून घ्या. विषय संपला.

ठेंगणी

विषय संपला नाही. माझी उंची 5 फूट 1 इंच आहे आणि मी चार वर्षे मिटिअर 350 चालवते आहे. तिची सीट 765 मिलिमीटरवर आहे, म्हणजे प्रश्नकर्त्यांच्या क्लासिकपेक्षा 40 मिलिमीटर खाली, आणि तरीही मी ती दोनदा पाडली आहे: एकदा पेट्रोल पंपावर, एकदा स्वतःच्या सोसायटीच्या फाटकात. दोन्ही वेळा जमीन सपाट होती आणि दोन्ही पाय टेकत होते. दोन्ही वेळा हँडल वळलेले होते आणि मी पुढचा ब्रेक दाबला होता. सीट कापल्याने बसायची जागा कडक होते, गुडघे जास्त दुमडतात, आणि मूळ चूक जशीच्या तशी राहते. लेग गार्डविषयी मात्र माझे दुमत नाही. गाडी पडल्यावर पाय तिच्याखाली पूर्ण सापडत नाही तो त्याच्यामुळेच.

दोन्ही पायांचे तळवे टेकलेच पाहिजेत हा समज विशेषतः आम्हा बुटक्यांच्या डोक्यात भरवला जातो, आणि त्याचा उलटा परिणाम होतो. दोन्ही पाय शोधत बसले की उजवा पाय ब्रेकवरून निघतो आणि मग थांबण्यासाठी पुढच्या ब्रेकशिवाय काहीच उरत नाही. एकच पाय नीट टेकला की पुरे. मी सीटच्या मध्यावरून थोडी डावीकडे सरकते, डाव्या पायाचा चवडा भक्कम रोवते आणि उजवा पाय ब्रेकवरच ठेवते. अट एवढीच की थांबण्याच्या आधी, गाडी अजून चालत असताना, पाय कुठे पडणार आहे ती जागा पाहून ठेवायची. तेल सांडलेले, खड्ड्याची कड, रंगवलेला पट्टा, ओली पाने असे काही दिसले की हातभर अलीकडे किंवा पलीकडे थांबायचे.

मागे बसणाऱ्यांविषयीही लिहिले पाहिजे. गाडी थांबताना मागच्या माणसाने पुढे काय झाले ते पाहायला एका बाजूने डोकावले की 60 किलो एका बाजूला सरकतात. आमच्या घरी नियम आहे: थांबताना आणि निघताना मागच्याने पाय फूटरेस्टवर ठेवायचे, दोन्ही हात चालवणाऱ्याच्या कमरेला आणि नजर त्याच्या पाठीवर. उतरायचे असेल तर आधी सांगायचे. वहिनी वेळीच उतरल्या हे छान झाले, पण त्या उतरल्या त्या क्षणी गाडीला धक्का बसला असणार, हेही हिशेबात धरा.

आणि कृपया सँडल घालून घाटात जाऊ नका. तुम्ही लिहिलेले नाही, पण घोटा मुरगळला त्यावरून मला शंका आहे.

काळे हात

आमचे गॅरेज आहे, म्हणून पडल्यानंतरच्या गोष्टी मी सांगतो.

गाडी चालू का झाली नाही, याचे उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. तुम्ही ती साइड स्टँडवर लावली होती आणि गिअर पहिलाच होता. साइड स्टँड खाली आणि गाडी गिअरमध्ये असेल तर या गाड्यांचे इंजिन मुद्दामच चालू होऊ दिले जात नाही. न्यूट्रल करून पाहायला हवे होते. दांडा वाकला असल्यामुळे ते सुचले नसेल. दुसरी शक्यता अशी की मदतीला आलेल्या एखाद्या मुलाने उजव्या मुठीजवळचा लाल स्विच बंद केला, आणि तसे केले असेल तर शहाणपणाच केला. तिसरे म्हणजे बीएस-6 नंतरच्या गाड्यांत गाडी आडवी झाल्याचे ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो; त्यानंतर किल्ली एकदा पूर्ण बंद करून पुन्हा फिरवावी लागते. आमच्याकडे टेम्पोत घालून आणलेल्या कित्येक गाड्या नुसती किल्ली फिरवून चालू झालेल्या आहेत.

एकट्याने गाडी उचलायची वेळ आली तर वाकून, दोन्ही हातांनी हँडल ओढून उचलू नका; कंबर जाते. आधी इंजिन बंद करा आणि मागून येणारी वाहने पाहा. चढावर गाडी गिअरमध्येच राहू द्या, म्हणजे मागचे चाक फिरणार नाही. डावीकडे पडली असेल तर हँडल पूर्ण डावीकडे वळवा, गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला कुल्ले टेकवा, उजव्या हाताने डावी मूठ आणि डाव्या हाताने मागचा धरायचा दांडा पकडा, आणि पाठ ताठ ठेवून लहान पावलांनी मागे सरकत जा. सगळे काम मांड्या करतात. गाडी जवळजवळ उभी झाली की जोर कमी करा, नाहीतर ती पलीकडे पडते. ते दृश्य मी स्वतः पाहिले आहे आणि त्या माणसाला हसूही आले नाही. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवावा.

उभी केल्यावर लगेच निघू नका. आडव्या इंजिनातले तेल खाली उतरायला थोडी मिनिटे द्या, मग गाडी सरळ धरून तेलाची पातळी काचेतून पाहा. सर्वांत आधी रेसची मूठ पूर्ण फिरवून सोडून पाहा. ती आपोआप मागे आलीच पाहिजे, कारण अडकलेली रेस घेऊन घाट उतरणे म्हणजे पहिल्यापेक्षा मोठ्या अपघाताला निमंत्रण. त्यानंतर दोन्ही ब्रेक, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का, गिअरचा दांडा इंजिनाला घासतो का, आणि खाली पेट्रोल किंवा तेल टपकते का ते पाहावे. गाडी सरळ चालत असताना हँडल किंचित तिरके वाटत असेल तर बहुधा पुढचे फोर्क (पुढचे चाक धरणारे दोन दांडे) त्यांच्या क्लॅम्पमध्ये फिरलेले असतात. बोल्ट सैल करून ते जागेवर आणता येतात, लगेच नवे हँडल घेण्याची गरज नसते.

नवी क्लच लिव्हर बसवताना मिस्त्रीला सांगा की तिचा ब्रॅकेट दगडासारखा आवळू नको. रोजच्या वापरात हलणार नाही पण आपटला तर हँडलवर फिरेल इतपत घट्ट ठेवला की पुढच्या वेळी लिव्हर मोडण्याऐवजी फिरते. एवढ्या नुकसानासाठी विम्याचा दावा करू नका. पहिले वर्ष दाव्याविना गेले तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते आणि ती वाढत 50 टक्क्यांपर्यंत जाते. आरसा आणि लिव्हरसाठी ती घालवण्यात अर्थ नाही.

उशिराचा स्वार

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण आधी घोटा बरा व्हायचा होता आणि मग तुम्ही सांगितलेले करून पाहायचे होते.

घाटवाटेचा यांचा अंदाज खरा निघाला. आठवून खात्री होत नव्हती, म्हणून मी एक प्रयोग केला. आमच्या जवळच्या शाळेचे मैदान रविवारी सकाळी रिकामे असते. तिथे पत्नीला शिट्टी देऊन उभे केले आणि सांगितले की मी पहिल्या गिअरमध्ये गोल फिरत असताना कधीही वाजव. पहिल्या सहा शिट्ट्यांपैकी पाच वेळा माझ्या दोन्ही मुठी आवळल्या गेल्या आणि उजवा पाय ब्रेकवर नव्हताच, तो फूटरेस्टच्या टोकावर अधांतरी होता. दोनदा गाडी कलली, पण तेव्हा हँडल फारसे वळलेले नव्हते म्हणून सावरली. ठेंगणीताईंची शंकाही खरी होती; पायांत सँडलच होते.

मग सरावाचा क्रम असा ठेवला. पहिल्या दिवशी फक्त हाफ क्लच (म्हणजे क्लच अर्धवटच दाबून ठेवणे) आणि मागचा ब्रेक, सरळ रेषेत, शक्य तितके हळू. लहानपणी गणेशोत्सवात आमच्या वाड्यासमोर स्लो सायकलची स्पर्धा होत असे आणि तीत शेवटी पोहोचणारा जिंकत असे. तेच इथे करायचे होते. रेस एका जागी ठेवून वेग मागच्या ब्रेकने कमी-जास्त करायला लागल्यावर गाडी इतकी स्थिर झाली की मला आश्चर्य वाटले. क्लच जळेल अशी भीती होती, पण मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो आणि मैदानावरच्या एवढ्या घासण्याने त्याला काही होत नाही, असे आमच्या मिस्त्रीने सांगितले. फक्त दर दहा मिनिटांनी गाडी थंड होऊ दिली.

दुसऱ्या रविवारपासून विटा मांडून आठचा आकडा. इथे नजरेचे महत्त्व कळले. विटेकडे पाहिले की गाडी विटेवरच जाते, आणि मान वळवून पुढच्या वळणाच्या शेवटाकडे पाहिले की ती आपोआप तिकडे येते. आकड्यातला उजवीकडचा गोल चांगला जमतो आणि डावीकडचा अजून मोठाच येतो. बहुतेक त्या वळणाची भीती अजून आहे. चौथ्या रविवारी पत्नीने शिट्टी वाजवली तेव्हा दहापैकी आठ वेळा उजवा पाय आधी गेला.

एक प्रश्न मात्र शिल्लक आहे. वळणाच्या अलीकडे थांबावे हे पटले, पण वळणात शिरल्यावरच पुढचा थांबला, जसे माझे झाले होते, तर काय करावे? डावीकडची जमीन खोल, उजवा पाय ब्रेकवर, आणि हँडल वळलेले. त्या अवस्थेत नेमके काय करायचे?

घाटवाटेचा

क्लच पूर्ण दाबू नका, हाफ क्लचवरच राहा, मागचा ब्रेक वाढवत न्या आणि चाक फिरत असतानाच, शेवटच्या हात-दोन हात अंतरात, हँडल सरळ करा. गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे, तोंड करून थांबेल. तिरकी दिसेल, पण उभी राहील, आणि डाव्या पायाला कडेपेक्षा उंच जमीन मिळेल. यासाठी पुढच्या मोटारीपासून दीड गाडीचे अंतर हवे, नाहीतर सरळ करायला जागाच उरत नाही. हँडल सरळ करायच्या आधी आरशात पाहा, कारण घाटात त्याच जागेतून घुसणारा एखादा मागे नक्की असतो.

ठेंगणी

आणि शिट्टी पुढच्या रविवारी वहिनींऐवजी दुसऱ्या कोणाला द्या. त्या कधी वाजवणार हे तुम्हाला आता कळायला लागले असेल.